ग्रहांची पांघरुणं

बाई, मागच्या बाजाराच्या दिवशी आमच्या घरात एक यंत्र आलं. उंचीला ज्वारीच्या डब्याएवढं, खाली चार चाकं, आणि त्यातून एक लांब नळी निघते जिची दोन टोकं नाकात घालायची. ते माझ्या बायकोसाठी आहे. तुम्ही तिला पाहिलं आहे, एकदाच, आमच्या दुकानात. तिच्या हातचा चहाही प्यायला होता. तिची फुप्फुसं आता पुरेसा प्राणवायू ओढत नाहीत असं धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि दिवसातला बराच वेळ ही नळी लावून बसायचं असा हुकूम केला. ती लावत नाही. नळी तिने गुंडाळून खुंटीला टांगून ठेवली आहे. मी विनवतो, चिडतो, लेकीला फोन लावून देतो, आणि ती म्हणते, "आधी तुमची कटकट बंद करा, मग बगा माझा दम कसा आपोआप बसतोय." चार पावलं चालली की तिचे ओठ जांभळट होतात, भिंतीला हात टेकून ती उभी राहते आणि मलाच वर म्हणते, काय बगताय. मला काही सुचत नाही. आणि काही सुचेनासं झालं की मला ग्रह आठवतात. तुम्हाला हसू येईल, पण ही खोड तुम्हीच लावलेली आहे.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चंद्राची हवा कधीच उडून गेली असं तुम्ही शिकवलंत त्या दिवशी सगळी पोरं जेवायला पळाली आणि मी तिथंच बसून राहिलो. तुम्ही विचारलंत, घरी जायचं नाही का? मी म्हणालो, "बाई, आपली बी हवा आशीच जाईल का?" तुम्ही म्हणालात, चंद्र हलका आहे, त्याला हवा धरून ठेवता आली नाही, पृथ्वी जड आहे, ती सोडत नाही. मी विचारलं, कवापतूर? तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "तुझं जेवण होईपर्यंत तरी नक्की धरेल. जा, जेवून ये." मी पळत गेलो, पळत जेवलो आणि पळतच परत आलो. आजही मी तसाच आहे. फक्त पळता येत नाही.

आपली शाळा म्हणजे दोन खोल्या होत्या, त्यातल्या एकीचे पत्रे वाऱ्याने नेलेले. म्हणून चौथीचा वर्ग तुमच्या स्वयंपाकघरात भरायचा. गावाने तुम्हाला शाळेमागची ती एकच खोली दिली होती. अर्ध्यात तुमची चूल, तुमचं अंथरूण, पाण्याची घागर, आणि अर्ध्यात आम्ही. सोलापूर शहरातून एकटी बाईमाणूस आमच्या तामलवाडीच्या बाजूच्या रानात येऊन राहते याचं गावाला केवढं नवल. तुम्ही भाकरी थापता थापता पाढे म्हणून घ्यायच्या, आणि एखादा चुकला की थापायचं थांबवायच्या. त्या शांततेची आम्हाला छडीपेक्षा जास्त धास्ती. मला अजून ते घर नाकाने आठवतं. पीठ, धूर, आणि खडू.

एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही फळ्यावर सूर्य आणि नऊ गोल काढले आहेत. हाताला पीठ आहे, त्यामुळे प्रत्येक ग्रहाभोवती एक पांढरा डाग उठला आहे. तुम्ही म्हणता, "बुधावर वातावरण नाही. चंद्रावरही वातावरण नाही." मी हात वर करतो.

"बाई, मग तिथं तूर लई चांगली येत आसंल."

तुम्ही तव्यावरची भाकरी उलटायची विसरता. "तूर?"

"व्हय. वातावरण न्हाय म्हंजी अळी न्हाय. आमचं आण्णा म्हणत्यात, तुरीला फूल लागलं आन वातावरण आलं की संपलं."

सगळा वर्ग माना डोलावतो. आमच्याकडे आभाळ पाऊस न पडता नुसतं दाटून राहिलं की त्याला वातावरण म्हणतात, हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं. अजूनही तसंच म्हणतात, बाई. परवाच शेजारी माझ्या दारात येऊन म्हणाला, "आज लई वातावरण हाय, फवारणी करावी का न्हाय?" पण तेव्हा तुम्ही उलथनं हातात धरून तशाच उभ्या राहिलात.

"म्हणजे मी इतके दिवस वातावरण, वातावरण म्हणते आहे, ते तुम्ही सगळे ढग समजत होता?"

"व्हय बाई."

"आणि पृथ्वीला वातावरण आहे असं म्हटलं तेव्हा?"

"कवा आसतंय, कवा नसतंय," दारापाशी बसलेली पोरगी म्हणाली.

भाकरी करपली. तुम्ही ती तव्यावरून काढून बाजूला ठेवलीत आणि मग रागावलात. आधी वाटलं आमच्या अडाणीपणावर. पण तुम्ही म्हणालात, "कळलं नाही तर विचारायचं. मान डोलवायची नाही. मान बैल डोलवतो." आणि माझ्याकडे बोट करून, "हा एकटा विचारतो. भितो म्हणून विचारतो, पण विचारतो तरी." आयुष्यात माझ्या भित्रेपणाचं कौतुक तेवढ्या एका वेळी झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रत्येकाला घरून एक पांघरूण आणायला सांगितलंत. वाकळा, गोधड्या, घोंगड्या, जे असेल ते. चूल पेटलेलीच होती, तो सूर्य. एका पोराला उघड्या अंगाने अगदी चुलीजवळ बसवलंत, तो बुध. थोड्या वेळात तो ओरडायला लागला की पोट भाजतंय आन पाठीला थंडी वाजतीया. तुम्ही म्हणालात, बरोबर, अंगावर काही नसलं की असंच होतं. उन्हात होरपळायचं आणि सावलीत गोठायचं. पृथ्वी म्हणून एका पोरीला एकच गोधडी दिलीत. ती त्या उबेत खरंच झोपली. मंगळाला तुमच्या विरलेल्या पातळाचा तुकडा मिळाला, हाताआड धरला तर पलीकडचं दिसेल असा, आणि तो चुलीपासून लांब कुडकुडत बसला. गुरू आणि शनी म्हणून तुम्ही कोपऱ्यात नुसते पांघरुणांचे ढीग रचलेत आणि म्हणालात, यात आत पोरगंच नाही. नुसती हवाच हवा. मला वाटलं, जिथं जमीनच नाही तिथं माणसाने पाय कुठं टेकायचा?

आणि शुक्र मी होतो. चुलीपासून बुधापेक्षा लांब, पण अंगावर उरलेल्या सगळ्या वाकळा, एकावर एक, डोक्यावरून सुद्धा. आत काळोख, घामाचा आणि जुन्या कापडाचा वास. बाहेरून तुमचा आवाज येत होता. "शुक्र कायम ढगांत गुंडाळलेला असतो. आत काय आहे ते आजवर कुणाला दिसलेलं नाही. तिथं पाऊस पडत असेल, कदाचित पाणथळ रानं असतील." मी आतून ओरडलो, "पाऊस न्हाय बाई, लई उकडतंय! मला काढा!" सगळे हसले. तुम्ही वाकळा काढल्यात, पदराने माझं तोंड पुसलंत, आणि तांब्याभर पाणी दिलंत. चुलीला चिकटून बसलेल्या बुधापेक्षा मला जास्त घाम आला होता. ते तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं, आणि दोघांनीही त्याचा विचार केला नाही.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. मग मी सोलापूर रस्त्यावर तामलवाडीला पंक्चरचं दुकान टाकलं. आधी सायकली, मग ट्रक. माणसं म्हणायची, हा हवा विकतो. खोटं नव्हतं. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, घासायचं, सोल्यूशन लावायचं, ठिगळ दाबायचं. हवा दिसत नाही, पण पाण्यात धरली की चोरासारखी सापडते. माझ्यासारख्या काळजीखोर माणसाला हे काम बरं होतं. जिथून गळतंय ती जागा बोटाने दाखवता येते.

तुम्ही आलात त्या दिवशी मी एका ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलो होतो. एसटी थांबली, धूळ उडाली, आणि धुळीतून छत्री घेतलेली एक म्हातारी बाई सरळ माझ्याकडे चालत आली. ना कसा आहेस, ना ओळखलंस का. म्हणालात, "शुक्रावर पाऊस नाही."

माझ्या हातातला पाना खाली पडला. तुम्ही बाकड्यावर बसलात आणि सांगायला लागलात. रशियाने तिथं यंत्र उतरवलं, ते थोडा वेळ चाललं आणि गेलं. बुध सूर्याला जवळ, पण तापलेला जास्त शुक्र, कारण त्याचं पांघरूण. ढग आहेत, पण पाण्याचे नाहीत. "तुझ्या बॅटरीत असतं ना, ते ॲसिड. त्याचा पाऊस. आणि तोही जमिनीपर्यंत पोचत नाही, मध्येच आटतो." मग म्हणालात, "तू बरोबर होतास. आतून ओरडला होतास, उकडतंय म्हणून. मी ऐकलं नाही."

मी म्हणालो, बाई, एवढ्यासाठी तुम्ही सोलापूरहून आलात? तुम्ही म्हणालात, "चुकीचं शिकवलेलं पोरांच्या अंगात मुरतं. मला रात्री आठवतं ते." बाकीच्यांनाही सांगितलंत का, तर म्हणे सापडतील त्यांना. दारापाशी बसणारी ती पोरगी अक्कलकोटला दिलेली, ती तुम्हाला म्हणाली होती, "बाई, शुक्रावर पडू न्हायतर न पडू, आमच्याकडं कुठं पडतोय?"

मग तुम्ही माझ्या हातातला हवेचा मीटर मागून घेतलात आणि उलटसुलट करून बघितलात. ट्रकच्या टायरला किती हवा? मी म्हणालो, शंभर पौंड. तुम्ही म्हणालात, शुक्रावर नुसतं उभं राहिलं तर याच्या बारा-तेरा पट हवा अंगावर येते. आणि मंगळावर इतकी पातळ की असून नसल्यासारखी. मी विचारलं, आणि इथं? तुम्ही मीटर तसाच हवेत धरलात. काटा शून्यावर. "हा शून्य म्हणतो," तुम्ही म्हणालात, "पण इथं पंधराएक पौंड आहे. आपल्या सगळ्यांच्या अंगावर, जन्मल्यापासून. मीटर ती धरत नाही, कारण ती नाही अशी जागाच त्याने पाहिलेली नाही." त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत, म्हणजे कितीतरी वर्षं, मीटर शून्यावर आला की मला ते पंधरा पौंड आठवायचे.

तेवढ्यात माझी बायको डबा घेऊन आली. लग्न नवं होतं तेव्हा मी तिला संध्याकाळची चांदणी दाखवून सांगितलं होतं की तिथं पाऊस पडतो. तिला तुमचं सगळं बोलणं ऐकू गेलं होतं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता गं बाई! म्हंजी ह्या माणसानं मला फसवलंय की. चांदणीवर पाऊस हाय, चांदणीवर पाऊस हाय करून मला नादी लावलं. आता म्या माघारी जाऊ का माह्यारी?"

तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. त्याला परत करू नकोस."

"बरं, तुमी म्हणताय म्हणून ऱ्हाते," ती म्हणाली, आणि दुकानामागच्या चुलीवर चहा टाकायला गेली. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढावा लागला. जाताना तुम्ही तुमची छत्री तिला दिलीत. "शुक्रावर आता लागणार नाही," म्हणालात. तिने ती पार काड्या मोडेपर्यंत वापरली, आणि कुणी विचारलं की सांगायची, ही शुक्रावरची हाय.

तुम्ही गेल्याचं मला पुष्कळ उशिरा कळलं, सोलापूरच्या एका ड्रायव्हरकडून. चाक बदलता बदलता त्याने सहज सांगितलं. तुमच्यानंतर बरंच बदललं, बाई. प्लूटोला ग्रहांतून काढलं. नऊचे आठ झाले. मला वाईट वाटलं त्याचं. इतक्या लांब एकटा, आणि त्याची थोडकी हवा सूर्यापासून दूर गेला की गोठून जमिनीवर पडते म्हणे. शनीच्या एका चंद्राला आपल्यापेक्षाही दाट हवा निघाली, पण तिच्यात प्राणवायू नाही. हे सगळं मी लेकीने दिलेल्या मोबाईलवर बघतो. निम्मं कळत नाही. मान मात्र डोलवत नाही.

आता त्या नळीचं. बायकोला वेड आहे म्हणून ती नळी लावत नाही असं नाही. कोरोनाच्या वेळी तिची थोरली जाऊ, म्हणजे माझी वहिनी, दवाखान्यात गेली. गाडीत बसताना हात हलवून गेली, चुलीवर डाळ ठेवली आहे, बघा, असं सांगून गेली. मग एकदा तिकडून फोनमध्ये फोटो आला, नाकाला नळी, डोळे मिटलेले. त्यानंतर ती आलीच नाही. माझ्या बायकोने तो फोटो बघितला, आणि तेव्हापासून तिचं पक्कं आहे: "नळी लावली की माणूस आपलं ऱ्हात न्हाय." डॉक्टरांनी समजावलं, लेकीने समजावलं. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन नळी खुंटीला टांगली. चुलीचा धूर लागला म्हणतात फुप्फुसांना. गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच हवी हा तिचाच हट्ट, पण आता त्यावर वाद घालून उपयोग नाही.

मी दुसरा मीटर घेऊन बसलो. बोटाला चिमट्यासारखा लावायचा आणि रक्तातला प्राणवायू आकड्यात बघायचा, असं एक यंत्र मिळतं. मी सारखा तिचं बोट मागायचो. ती मूठ वळायची. "म्या काय टायर हाय? हवा बगायचीच आसंल तर ड्रायव्हर लोकावानी लाथ मारून बगा." मी म्हणायचो, चेष्टा नको. ती म्हणायची, "मग काय करू? तुमच्या तोंडाकडं बगून रडू?"

काल संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, ती अंगणात बाजेवर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. पूर्वी ती पाखडायची तेव्हा सुपाचा ताल गल्लीभर ऐकू यायचा. आता दोन झटके, मग थांबणं. पश्चिमेला चांदणी निघाली होती. तिने हनुवटीने दाखवली.

"ती बगा तुमची. पडतोय का पाऊस?"

मला वाटलं, आता बोलावं. मी दारातल्या पायरीवर बसलो आणि तुमच्यासारखं एकेक ग्रह सांगायला लागलो. बुधावर हवाच नाही. शुक्रावर धुराने भरलेल्या, दारं लावलेल्या घरासारखी. मंगळावर शुक्राचाच वायू, पण विरलेला. गुरूला आणि शनीला जमीन नाही. पुढचे दोन निळे, थंडगार, आणि त्यांच्या हवेत गोबरगॅसातला वायू आहे.

"गोबरगॅस? आन जनावरं कुठं हायत तिथं?"

"जनावरं नाहीत. नुसता गॅस."

"मग कशाला मेलं ते," ती म्हणाली आणि एक झटका मारला.

मी म्हणालो, "तेच सांगतोय. एवढं सगळं धुंडाळलं माणसानं, पण नाकाने ओढून जगता येईल अशी हवा फक्त इथंच आहे. आणि इथली हवा तुला कमी पडायला लागली आहे. म्हणून म्हणतो, ती नळी."

तिने सूप पुन्हा एकदा झटकलं. मला वाटलं, गेलं, हेही वाया गेलं. मग तिने सूप मांडीवर ठेवलं आणि यंत्राकडे बघून विचारलं, "त्या डब्यात हवा कुठली भरल्याली हाय?"

"कुठली म्हणजे?"

"म्हंजी कुणाची? दवाखान्यातलीच नव्हं?"

बाई, तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते सांगत होतो, आकडे सांगत होतो, आणि तिला वाटत होतं की या डब्यात तीच हवा भरून आणली आहे, जी ओढून तिची जाऊ गेली. तिने विचारलं नव्हतं. आणि मी सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं हे काय सांगायचं.

मी म्हणालो, "अगं, त्यात हवा भरलेलीच नाही. तो डबा रिकामा आहे. आपल्या दुकानात कॉम्प्रेसर होता ना, त्याचाच हा धाकटा भाऊ. बसवला तेव्हा आवाज ऐकलास ना? हा इथलीच हवा ओढतो. ह्या खोलीतली. आत एक चाळणी आहे असं तो बसवायला आलेला माणूस सांगत होता. आपल्या हवेत प्राणवायू पाचातला एक वाटा, बाकीचा बहुतेक दुसराच वायू. हा तो दुसरा वायू बाजूला काढतो आणि राहिलेला तुला देतो."

तिने सुपाकडे बघितलं. "म्हंजी पाखडतंय."

"व्हय. पाखडतंय."

"आन कोंडा?"

"कोंडा परत खोलीतच सोडतं."

"मग घरात कोंडा साचंल की हो सगळा!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्याच क्षणी मला त्याची काळजी लागली. खिडकी उघडी ठेवावी का, रात्री दार लोटावं का, मी मोठ्याने बोलायला लागलो. ती हसायला लागली. हसून हसून तिला धाप लागली, मी पाणी आणलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "जावंच्या नळीत कुठली हवा होती?"

"ती टाकीतली. कारखान्यात भरलेली."

तिने चांदणीकडे बघितलं. "तिला घरची मिळाली न्हाय," ती म्हणाली.

वहिनी जमेल तेवढं भांडायच्या हिच्याशी, आणि ही त्यांच्याशी. पण एकमेकींची डाळ करपू द्यायच्या नाहीत दोघी.

मग तिने सूप खाली ठेवलं. "त्याला तिथं कोपऱ्यात कशाला डांबलंय? तिथं मोरीचा वास येतोय. रस्त्याकडं बी तोंड नगं, ट्रकांचा धूर. उंबऱ्यापाशी आणा, लिंबाकडं तोंड करून." आमच्या दारात कडुलिंब आहे, बाई, आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेला. मी यंत्र ढकलत आणलं. जरा डावीकडं, जरा उजवीकडं, असं करत तिने ते मनासारखं लावून घेतलं, एखाद्या म्हशीला गव्हाणीकडे वळवावं तसं. मग नळी मागितली. तिच्या कानांमागून ती मी अडकवली.

"ह्याच्यात तुमचं घोरणं तर येणार न्हाय?"

"ते चाळून टाकतं."

"मग चांगलं हाय," ती म्हणाली. मी बटण दाबलं. तिने एक श्वास घेतला, दुसरा घेतला. "काय बी कळंना," म्हणाली, आणि सूप उचललं. मी म्हणालो, लांब धर, कोंडा यंत्रात जाईल. ती म्हणाली, "आता ह्याची बी काळजी करा," आणि झटके मारायला लागली. तीन, चार, पाच. मग मी मोजायचं सोडून दिलं, कारण ती थांबली नव्हती.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे की याने ती बरी होणार नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे सोपे जातील. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतो आहे, आणि हा कागदही कुठल्या पेटीत पडणार नाही. सोलापुरातली तुमची गल्ली मी कधी विचारून घेतली नाही, आणि आता त्या गल्लीत तुम्हीही नाही. लिहून झाला की घडी करून उशीखाली ठेवीन, नाहीतर बंब पेटवायला कामाला येईल. आतून यंत्राचा आवाज येतो आहे. ती नळी लावून पडली आहे, दुपारची, तोंड लिंबाकडे करून.

एक गोष्ट राहिली. आज सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा नळी आत घेतलेल्या बाजेवर होती आणि यंत्र चालूच होतं. मी दाराची कडी लावली, आणि ती माझ्या नाकाला लावून बघितली. मला बघायचं होतं, तिला काय वाटतं. थोडं गार लागलं, बाकी काही नाही. पुसून जशी होती तशी ठेवून दिली. तिला सांगितलेलं नाही. कळलं तर म्हणेल, माझ्या वाटणीची पाखडल्याली हवा खाल्ली ह्या माणसानं.